पुढचा थांबा, शाळा

सावकाशराव हे त्यांचं कागदावरचं नाव नव्हे, डेपोत पडलेलं नाव. एकतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली, तीही एकाच मार्गावर. बाजार ते पाण्याची टाकी, आणि पाण्याची टाकी ते बाजार. तेवढ्या काळात बसला ओरखडा नाही की उभ्या म्हातारीचा तोल गेला नाही. ब्रेक असे हळुवार लावायचे, की झोपलेला प्रवासी झोपलेलाच राही आणि त्याचा थांबा मागे जाई. त्यावरून भांडणं होत. "अहो, जरा हिसका देत चला, माणसाला जाग तरी येईल," असं एका बाईने तोंडावर सुनावलं होतं. सावकाशरावांना तेही कौतुकच वाटलं.

निवृत्तीच्या दिवशी डेपोने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि चौकटीत बसवलेला एक कागद. कागदावर लिहिलं होतं, 'एकतीस वर्षे विनाअपघात सेवा'. घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. कागद पुढच्या खोलीत पाहुण्यांच्या खुर्चीसमोर टांगला, म्हणजे चहा येईपर्यंत पाहुण्याला दुसरं काही वाचायला नको.

मग त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली, आणि नातीला शाळेत सोडायचं काम मागून घेतलं. नात आठ वर्षांची. अंगाने एवढीशी, गोल, आणि सतत कुणाच्या तरी शर्टाला चिकटलेली, म्हणून घरात तिला बटण म्हणत. बटण मागच्या सीटवर मधोमध बसायची. सावकाशराव आतला आरसा थोडा खाली करत, बसमध्ये प्रवाशांवर नजर ठेवायला करत तसा. आरशात दोघांची नजरानजर झाली की खेळ सुरू.

"एक शाळा द्या," बटण म्हणायची.

"सुट्टे आहेत?"

"नाहीत."

"मग उतरा."

"चालती गाडी आहे, कशी उतरू?"

"मग बसा, काय करणार!"

रोज हेच. रोज दोघं तितकंच हसायचे.

एका सकाळी शाळेच्या अलीकडच्या वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं. खडी पसरलेली. समोरून एक सायकलवाला आडवा आला आणि सावकाशरावांनी जन्मात कधी दाबला नव्हता एवढा ब्रेक दाबला. चाकं जाम झाली. गाडी खडीवर ताटासारखी फिरली आणि आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला, म्हणजे त्याला काही झालं नव्हतं. पण बटण त्या क्षणी स्टीलच्या बाटलीतून पाणी पीत होती. बाटलीची कड दातावर आपटली. वरचा पुढचा दात, नुकताच आलेला, पक्का, अर्धा तुटला.

सावकाशरावांची मुलगी, बटणाची आई, औषधांच्या दुकानात कामाला होती. ती पांढरा कोट तसाच घालून धावत आली. ओरडली नाही, बोललीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात शाळेची व्हॅन उभी राहिली.

"बाबा, व्हॅन लावली आता," तिने फोनवर सांगितलं. "तुमचीही दगदग वाचेल."

दगदग! सावकाशरावांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. त्यांना त्या कागदाचा पहिल्यांदाच राग आला. त्यांना गाडीचं काही पडलं नव्हतं. त्यांना मागची सीट भरलेली हवी होती, बस्स. आरशात सीटचं नुसतं कापड दिसायला लागलं तसं त्यांनी आरसा सरळ करून टाकला.

दात बसवायला तिघं दंतवैद्याकडे गेले. सावकाशराव कोपऱ्यातल्या स्टुलावर आरोपीसारखे बसले. डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, उंच, बोलायला फटकळ. त्यांच्या भिंतीवर दातांच्या चित्रांमध्ये एक फोटो होता. सिमेंटचं मोठं पटांगण, त्यावर नारिंगी प्लास्टिकचे शंकू मांडलेले, त्यांच्यामधून एक छोटी गाडी वळतेय, आणि एक शंकू हवेत उडालेला.

"ही गाडी कुणाची?" सावकाशरावांनी विचारलं.

"माझी."

"आणि हा उडालेला?"

"तोही मीच उडवलेला. आ कर गं, मोठा आ."

दुसऱ्या दिवशी सावकाशराव एकटेच पुन्हा दवाखान्यात हजर.

"काय दुखतंय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दातांचं काही नाही, डॉक्टर. गाडी घसरली की काय करायचं असतं, ते मला येत नाही."

"तुम्ही तर बस चालवायचात ना? एकतीस वर्षं? नात सांगत होती."

"म्हणून तर येत नाही. एकतीस वर्षांत घसरलीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावरची पट्टी खाली केली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "रविवारी सकाळी सातला बंद गिरणीच्या पटांगणात या. तिथे घसरायला परवानगी आहे."

*

तिथे दर रविवारी पंधरा-वीस माणसं आपापल्या रोजच्या गाड्या घेऊन जमत. एका वेळी एकच गाडी सुटायची. शंकूंनी आखलेली वाट घड्याळ लावून पुरी करायची. शंकू पडला की वेळेत दोन सेकंद वाढत. बक्षीस काही नाही. घड्याळाशी एक बेकरीवाला बसायचा. तो पहाटे पाव भाजून यायचा, त्यामुळे सकाळी सातला त्याची दुपार झालेली असे आणि जीभ चांगली सुटलेली असे.

आधी सगळ्यांनी मार्ग पायी चालून पाहायचा, असा तिथला शिरस्ता. सावकाशराव दोनदा चालले. आठ वळणं. सहाव्या वळणाला मुद्दाम पाणी ओतून सिमेंट गुळगुळीत केलेलं. तिथे त्यांचे पाय जरा रेंगाळले.

मग हेल्मेट घालून, नाक मुठीत धरून ते निघाले. सगळ्यांना पन्नास-पंचावन्न सेकंद लागत होते. सावकाशरावांना एक मिनिट चौतीस सेकंद लागले. ओल्या जागेवरून तर ते चपला हातात घेऊन चिखलातून चालावं तसे गेले.

"सावकाशराव," बेकरीवाला भोंग्यातून ओरडला (नाव त्याला पाच मिनिटांत कळलं होतं), "मध्ये कुणी घंटी मारली होती काय? प्रवासी उतरवलेत की चढवलेत?"

सगळे हसले. सावकाशरावही हसले, पण कान लाल झाले. "एकही शंकू पाडला नाही," ते म्हणाले.

"तेच तर बिघडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सरका. मला शेजारी बसू द्या."

त्या बसल्या, आणि दुसऱ्याच वळणाला त्यांना सगळं कळलं. मोठ्या बसमध्ये चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो. तो आधी नाक कोपऱ्याच्या पार पलीकडे नेतो, मग वळवतो. मागची चाकं आत कापतात, म्हणून आतल्या बाजूला हातभर जागा सोडतो. सावकाशराव या टीचभर गाडीतही तेच करत होते. वळण संपून गेल्यावर वळत होते, आणि प्रत्येक शंकूला एवढी जागा देत होते की शंकू आणि गाडी यांच्यामधून दुसरी गाडी गेली असती.

"मागे कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग ही तीस फूट लांब शेपूट कुणासाठी ओढताय? बस डेपोत लावून या ना एकदाची!"

सोपं नव्हतं ते. हाताला लागलेलं वळण डोक्याने सांगून जात नाही. पहिला रविवार तसाच गेला. दुसऱ्या रविवारी त्यांनी वळायच्या आधी मोठ्याने स्वतःलाच "आत्ता!" म्हणायला सुरुवात केली, आणि हात थोडे लवकर हलायला लागले. एक मिनिट बारा. मग एक मिनिट सात.

तिथे आणखी एक शिरस्ता होता. अर्ध्या लोकांनी गाड्या पळवायच्या तेव्हा उरलेल्या अर्ध्यांनी वळणावळणावर उभं राहून पडलेले शंकू उचलायचे, खडूने केलेल्या चौकोनात पुन्हा बसवायचे. सावकाशरावांना हे काम फार आवडलं. ते शंकू असा ठेवत की चौकोनाची रेघ चारी बाजूंनी सारखी दिसे. वरून एक हलकी थापही देत, पोराला शाळेत सोडावं तशी. उभ्या उभ्या त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. जी माणसं वेगाने जात, त्यांची हेल्मेटं गाडीच्या आधी वळत. गाडी अजून या शंकूशी असायची, आणि डोकं पुढच्या शंकूकडे लागलेलं असायचं.

हे त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"हे शिकायला मला दोन वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "गाडी तुमच्या नजरेमागे येते. ज्या शंकूला भिऊन बघत राहाल, नेमकी त्यालाच जाऊन धडकेल."

तिसऱ्या रविवारी सहाव्या वळणावर सावकाशराव जरा जोरात गेले. ओल्या सिमेंटवर गाडीची मागची बाजू सुटली. पाय आपोआप ब्रेकवर पडला, चाकं जाम झाली आणि गाडी फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. अगदी त्या दिवशीसारखी.

"ब्रेक सोडायचा आणि जायचंय तिकडे बघायचं," शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही काय बघत होतात?"

सावकाशरावांनी आठवून पाहिलं. घसरायच्या आधीचं आठवत होतं, थांबल्यानंतरचं आठवत होतं. मधलं काहीच नव्हतं.

"काही दिसलं नाही," ते म्हणाले.

पुढे आणखी दोनदा घसरले. दोन्ही वेळा तेच. मधलं काही नाही. तोंड पुसलेल्या पाटीसारखं करून ते घरी गेले.

*

घरी बायकोला त्यांनी बागेत फिरायला जातो असं सांगितलं होतं. ते फुटलं ते दवाखान्याच्या भिंतीवरून. बटणाचा दात दाखवायला मुलगी पुन्हा गेली, आणि भिंतीवर नवा फोटो लागलेला: 'यंदाचे नवे भिडू'. सगळी तरणीताठी पोरं, आणि मधोमध हेल्मेट काखेत धरून तिचे वडील.

संध्याकाळी ती तरातरा घरात शिरली. बटण तिच्या मागे, शर्टाला धरून.

"बाबा, रेस? ह्या वयात? आई, तुला माहीत होतं?"

"बागेत जातात एवढंच माहीत होतं," बायको शांतपणे म्हणाली. "बागेतून आलेल्या माणसाच्या अंगाला रबराचा वास कसा, तेवढं कोडं होतं."

"तू थट्टा नको करू गं. बाबा, एकदा झालं ते पुरे नाही झालं? आता मुद्दाम गाडी घसरवायला जाता?"

"घसरली तर सावरता यावी म्हणून जातो," सावकाशराव म्हणाले. मग न राहवून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तू पोरीला माझ्या गाडीत बसू देईनास. मग मी काय करू? त्या कागदाला हार घालून बसू?"

मुलगी एकदम थांबली. तिने बटणाकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसली.

"मी नाही म्हटलं नाही, बाबा," ती हळूच म्हणाली. "तीच नको म्हणाली. तुम्हाला कसं सांगणार? म्हटलं, राग यायचा तर माझा येऊ दे."

सावकाशराव गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले.

"काय गं बटणा? आजोबांची भीती वाटते?"

बटणाने मान हलवली. नाही. मग पुन्हा हलवली. हो.

"सांग. मी नाही रागावत."

"आजोबा, तुम्ही डोळे मिटले होते," बटण म्हणाली. "मी आरशात बघत होते ना. गाडी फिरत होती आणि तुमचे डोळे मिटलेले होते. घट्ट. मग गाडी कोण चालवत होतं?"

"असं काही नसतं गं," मुलगी म्हणाली. "तुला वाटलं असेल."

"नाही," सावकाशराव म्हणाले. "तिला वाटलं नाही. तिने पाहिलं." मधलं काही का आठवत नव्हतं, ते त्यांना आता उमगलं होतं. तोंडात मारल्यासारखे ते बसून राहिले. एकतीस वर्षं साठ-साठ माणसं त्यांच्या भरवशावर डोळे मिटून झोपली होती, आणि वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच डोळे मिटले.

बायकोने चहा आणून ठेवला. तो निवला तरी त्यांनी घेतला नाही.

*

सोमवारी ते दवाखान्यात गेले आणि सरळ खुर्चीतच जाऊन बसले, जिथे दात काढतात त्या.

"डॉक्टर, मी डोळे मिटतो."

डॉक्टरीणबाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. हात पुसत म्हणाल्या, "या खुर्चीत सगळेच मिटतात. मागे एक पहिलवान आला होता. मी नुसता चिमटा उचलला तर त्याने डोळे मिटून माझाच हात धरला."

"त्याचं ठीक आहे. त्याला कुठे गाडी चालवायची होती?"

"खरं आहे." त्या स्टूल ओढून बसल्या. "डोळे मिटू नका असं सांगून काही उपयोग नाही. पापणी ऐकत नसते. तिला काम द्यावं लागतं. पेशंटला मी म्हणते, छतावरच्या पट्ट्या मोजा, मोठ्याने. मोजायचं म्हणजे बघावं लागतं. तुम्ही पुढचा शंकू बघा आणि तोंडाने म्हणा. पहिला, दुसरा, तिसरा."

"आकड्यांत माझा गोंधळ होतो," सावकाशराव म्हणाले. ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "आमच्या मार्गाला आठच थांबे होते."

"मग?"

"वळणंही आठच आहेत."

चौथ्या रविवारी मार्ग पायी चालताना सावकाशरावांनी आठही वळणांना आपल्या जुन्या थांब्यांची नावं दिली. बाजार. पोस्ट. लाकडाची वखार. दवाखाना. पूल. शाळा. चक्की. पाण्याची टाकी. सहावं वळण, ओलं, ते शाळेचं. ते काही त्यांनी ठरवून केलं नव्हतं. थांब्यांचा क्रमच तसा होता.

गाडीत बसल्यावर मात्र चमत्कार वाटावा असं झालं. एकतीस वर्षं बस पोस्टाशी असताना त्यांचं मन वखारीशी असायचं. तिथे गर्दी किती, कुणी हात केलाय का, समोर कुणी गाडी लावलीय का. डॉक्टरीणबाई जे शिकवत होत्या ते त्यांना येतच होतं. फक्त ते बसच्या थांब्यांसाठी येत होतं, शंकूंसाठी नाही.

"बाजार गेला, पुढे पोस्ट!" ते हेल्मेटातून ओरडले. डोकं पोस्टाकडे. हात आपोआप मागून आले. "पुढे वखार!"

सत्तावन्न सेकंद.

"आज थांबे सगळे घेतलेत, तरी गाडी वेळेवर?" बेकरीवाला भोंग्यातून म्हणाला. "डेपोत कळवा रे कुणीतरी!"

पण शाळेपाशी ते अजून पाय आवरता घेत होते. तिथे नाव घेतानाही आवाज बारीक होई. गाडी घसरेल एवढ्या वेगाने ते तिथे जातच नव्हते, त्यामुळे डोळे उघडे राहतात की नाही हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. आणि तेवढंच तर ठाऊक व्हायला हवं होतं.

*

पाचव्या रविवारी मुलगी आली. बटणाला घेऊन आली, बायकोही आली डबा घेऊन. "बाग बघायला आले," बायको म्हणाली.

पहिल्या फेरीत सावकाशरावांनी वखारीचा थांबाच विसरून सोडून दिला. दुसऱ्या फेरीत शाळेपाशी इतके हळू गेले की बेकरीवाल्यालाही टोमणा सुचला नाही.

शेवटची फेरी उरली. लहान मुलांना फेरीच्या गाडीत बसायची बंदी होती. मोठ्या माणसाला हेल्मेट घालून शेजारी बसता येई. मुलगी बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीशी उभी होती. बटणाने तिचा शर्ट ओढला आणि कानात काहीतरी सांगितलं.

"मी?" मुलगी म्हणाली. "अगं, मला बसमध्येसुद्धा मळमळतं."

"आई, तू जा. तू बाहेर बघूच नको. फक्त आजोबांचे डोळे बघ."

मुलीने आईकडे पाहिलं. आई डबा उघडण्यात गर्क असल्यासारखं करत होती. शेवटी मुलीने डॉक्टरीणबाईंच्या हातातून हेल्मेट घेतलं आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसली. तिने पट्टा ओढून लावला.

"बाबा, मी तुमच्याकडेच बघणार आहे. सांगून ठेवते."

"बघ," सावकाशराव म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मिटले तर तसं सांग. तिला खोटं सांगू नकोस."

निशाण पडलं.

"पुढे बाजार!" गाडी सुटली. मुलीने डाव्या हाताने दार घट्ट धरलं आणि तोंड वडिलांकडे वळवलं. बाहेर काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. अंग इकडून तिकडे फेकलं जात होतं, नारिंगी काहीतरी खिडकीला घासून जात होतं. हेल्मेटाच्या फटीत दोन म्हातारे डोळे होते, कडांना सुरकुत्या, आणि ते सारखे कुठेतरी लांब, पुढे जात होते.

"पुढे वखार! वखार गेली, पुढे दवाखाना! पुढे पूल!"

पुलावरून ते ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता निघाले. हे त्यांनी ठरवलं होतं की आपसूक झालं, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

"पुढे शाळा!"

ओलं सिमेंट आलं, आणि गाडीची मागची बाजू सुटली. सगळं आवाजाविना फिरायला लागलं. पाय ब्रेककडे झेपावला. सावकाशरावांना पापण्या जड झालेल्या जाणवल्या, कुणी वरून बोट ठेवून दाबाव्यात तशा. पण अजून पुढचा थांबा सांगायचा होता, आणि थांबा न बघता सांगता येत नाही.

"चक्की!" ते ओरडले. "चक्की कुठाय? ती तिथे! पुढे चक्की!"

पाय ब्रेकवर टेकला आणि उचलला. डोळे बाजूच्या खिडकीतून पार पलीकडे असलेल्या चक्कीच्या शंकूवर गेले, हात त्यांच्यामागे गेले, आणि गाडी, एक क्षण विचार करून, त्यांच्यामागे आली. शेपूट इकडून तिकडे एकदा हलली आणि सरळ झाली. मुलगी किंचाळली होती, पण तिने नजर हलवली नाही.

"पुढे टाकी!" सावकाशराव आनंदाने इतके मोठ्याने ओरडले की त्या नादात टाकीपाशी जागाच सोडायची राहिली. धप्प! शंकू गाडीच्या नाकावरून उडून मागे गेला. एकतीस वर्षं आणि पाच रविवार यांत त्यांनी कशालाही मारलेला हा पहिला धक्का. ते थांबले नाहीत. शेवटची रेघ पार करून मग थांबले.

"एकावन्न सेकंद!" भोंगा म्हणाला. "अधिक दोन! सावकाशरावांनी शहराची पाण्याची टाकी पाडली आहे, उद्या कुणाच्याही नळाला पाणी येणार नाही!"

गाडीत दोघं नुसती बसून होती. मुलीने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते, चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"मिटले होते?" सावकाशरावांनी विचारलं. त्यांना खरोखर खात्री नव्हती.

मुलीने नकारार्थी मान हलवली. तिने वडिलांचा हात स्टिअरिंगवरून सोडवून आपल्या हातात घेतला.

दोरीपाशी बटण उभी होती, आजीच्या पदराऐवजी आज डॉक्टरीणबाईंच्या शर्टाला चिकटून. मुलगी खाली उतरली, दोन पावलं वाकडीतिकडी चालली आणि तिच्यासमोर बसली.

"उघडे होते?" बटणाने विचारलं.

"उघडे होते."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही. माझी."

बटणाने आजोबांकडे पाहिलं. आजोबा पडलेला शंकू उचलून खडूच्या चौकोनात बसवत होते. त्यांनी त्याच्या डोक्यावर थाप दिली आणि तो सरळ उभा राहिला, जसं काही झालंच नव्हतं.

डब्यातलं खाणं झालं, लोक पांगले, बेकरीवाल्याने भोंगा पिशवीत घातला. निघताना मुलीने आपल्या गाडीचं दार उघडलं, आजी पुढे बसली. बटण मध्येच उभी राहिली, दोन गाड्यांच्या मध्ये. दोघींनी तिला हाक मारली नाही. सावकाशरावांनीही मारली नाही. ते स्टिअरिंगशी बसून राहिले आणि समोरच्या काचेतून सरळ बघत राहिले.

मागचं दार उघडलं. सीट जरा दबली. पट्टा खटकन लागला.

"आजोबा, आरसा वर आहे."

सावकाशरावांनी हात वर केला आणि आरसा हळूहळू खाली आणला. आधी सीटचं कापड आलं, मग केस, मग दोन डोळे. आरशातले डोळे बराच वेळ त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. तपासणी कडक होती.

"चालेल," बटण म्हणाली. मग नव्या अर्ध्या दाताने ओठ चावत म्हणाली, "एक शाळा द्या."

"आज रविवार आहे. बंद असते."

"उद्याची द्या."

"सुट्टे आहेत?"

"नाहीत."

सावकाशरावांनी गाडी चालू केली आणि, मागे प्रवासी असताना काढतात तशी, अगदी सावकाश, पटांगणाबाहेर काढली.